बाळंतिणीसाठी मुशी: नाशिक ते डहाणू

डहाणूला जायचं ठरलं ते रागाच्या भरात. धाकट्या बहिणीचा, अनूचा, फोन आला. बाळ अजून महिन्याचंही नाही, दूध पुरेसं येत नाही, आणि सासूबाई रोज ताटात मुशी वाढतायत. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा छोटा शार्क. ती खाल्ली की बाळंतिणीला दूध येतं, असा तिकडे ठाम समज. अनू बाकी सगळे मासे खाते, मुशी नाही. ‘‘ताई, ये ना,’’ एवढंच म्हणाली. आईनं अळिवाचे लाडू बांधून दिले आणि मी गाडी काढली.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, डहाणू असा रस्ता. चार तास तरी धरा. त्र्यंबकपर्यंत कुंभाच्या नावानं सगळं उकरून ठेवलंय, आणि मोखाड्याच्या पुढे खड्डा चुकवायचा की ट्रक, हे आपलं आपण ठरवायचं. पेट्रोल नाशिकलाच भरा. जव्हारला वडापाव गरम मिळाला, स्वस्तही. वाटेतल्या दऱ्या सुंदर असतात म्हणे. मी मनातल्या मनात भांडत होते, त्यामुळे पाहिल्या नाहीत.

अनूचे डोळे खोल गेले होते. बाळ रडलं की स्वयंपाकघरातून सासूबाई सुरू, ‘‘ताटातलं टाकून देते, मग पोर उपाशी राहील नाय तर काय!’’ डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं होतं. तो पावडरचा डबा कपाटावर, सीलसुद्धा न फोडलेला. नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘उद्या बंदरावरून तुम्हीच मुशी आणा,’’ सासूबाई मला म्हणाल्या. ‘‘बहिणीनं आणलेली तरी खाईल.’’

अनूनं कॉलेजात या मुशीवरच प्रोजेक्ट केला होता. संध्याकाळी बाळाला थोपटत ती बोलायला लागली. ‘‘ती खोल समुद्रात नसते गं. किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहते, म्हणून जाळ्यात पटकन सापडते. अंगात हाड नाही, आपल्या कानासारखी नुसती कूर्चा. म्हणून तिच्या पूर्वजांचे बहुतेक दातच सापडतात. शार्कचं कुळ पृथ्वीवर झाडं यायच्याही आधीचं आहे, ताई. आणि ही अंडी घालत नाही. पिल्लं पोटात वाढतात, नाळेवर. आपल्यासारखी.’’

सकाळी बंदरावर गेले. हातभर लांबीच्या राखाडी मुशा, फावड्यासारखं चपटं तोंड. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘‘बाळंतिणीला ना? मग ही ने. पोटुशी हाय, लय गुणाची.’’ मी काही बोलायच्या आत त्यांनी पोट फाडलं. आत बोटाएवढी पिल्लं, नाळेसकट. ‘‘ही पन टाकू का पिशवीत?’’

बाईंवर माझा राग नाही. जाळ्यात आलं ते विकणं, हा त्यांचा धंदा. राग आला तो ‘गुणाची’ या शब्दाचा. लग्नात अनूलाही सगळे हेच म्हणत होते. मी पैसे दिले आणि पिशवी तिथंच सोडून परत आले.

‘‘मुशी कुठंय?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘नाही आणली. अनूला आणि बाळाला मी नाशिकला नेतेय.’’

नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. ‘‘आई म्हणेल तसं.’’

‘‘हो ना. बाळाची आई म्हणेल तसं!’’

अनू उठली. स्टूल ओढून तिनं कपाटावरचा डबा काढला, तिथंच सील फोडलं आणि पाणी गरम करायला ठेवलं. जेवणं न करताच आम्ही निघालो.

डहाणूला जरूर जा. चिकूच्या बागा आहेत, किनारा लांबच लांब आहे; मला तो धड दिसलाच नाही. परतीला बाळ मागच्या सीटवर पोट भरून झोपलं होतं आणि मी घाटभर सासूबाईंना तोंडाला येईल ते बोलत होते. अनू ऐकत होती, मधूनच हसत होती.

घरी पोचलो. आईनं दारातच बाळाला घेतलं, दृष्ट काढली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘दूध येतंय ना गं आता नीट?’’

अनू चप्पल काढता काढता थांबली. ‘‘आई, मुशीचं पिल्लू जन्मलं की लगेच आपलं आपण पोहायला लागतं. तिला हे कुणी विचारत नाही.’’

सासूबाईंसाठी माझ्याकडे घाटभर पुरतील इतके शब्द होते. आईसाठी एकही सुचला नाही.