आमच्या कॉम्प्युटरचं ओव्हरहॉलिंग

तोंडात चहा असेल तर आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि सतरंजी मला धुवावी लागली! जन्मभर मी दुसऱ्यांच्या टोप्या उडवल्या. पण स्वतःची टोपी स्वतःच उडवून वर तिच्यावर पाय देऊन उभा राहिलो, तो हा प्रसंग.

मी दिनकर. शिक्षण नववी, तीही दोनदा. नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, फिटर म्हणून. नवीन पोरगं कामावर आलं की त्याच्या हातात रिकामं पोतं द्यायचो आणि सांगायचो, "जा, कॉम्प्रेसरची हवा भरून आण." एक जण खरंच पोत्याचं तोंड आवळून धापा टाकत घेऊन आला. मी पोतं चाचपलं आणि म्हटलं, "गळतंय रे. परत जा." गेला की हो बिचारा!

पण कामात मस्करी नाही. मशीन खोलायचं तर आमचा एकच कायदा: खोलण्याआधी खूण. दोन पार्ट जिथे जुळतात तिथे पंच ठोकून बारीक टिंब काढायचं. म्हणजे परत बसवताना कोण कुणाच्या शेजारी बसायचा ते कळतं. खूण न करता नट सैल करणाऱ्या पोराला मी असा झापायचो की शेजारच्या शॉपमधली माणसं काम सोडून ऐकायला यायची. हा खुणेचा कायदा तेवढा लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

रिटायर झालो आणि धायरीला फ्लॅट घेतला. लेक प्रज्ञा आयटीतली. लग्न करून सिडनीला गेली आणि जाताना तिचं कॉम्प्युटर आम्हाला ठेवून गेली. मेलच्या पानावरच व्हिडिओची खिडकी उघडायची, त्यात लेक दिसायची. म्हणजे दिसली तर दिसायची! बटण दाबून मी आंघोळ उरकून येत असे, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. मग प्रज्ञा यायची ती अर्धं तोंड उघडून, दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी. तिथेच थिजायची. आवाज आधी, ओठ मागाहून.

एवढे दिवस चाललं. पण मग प्रज्ञाला मुलगी झाली. फोन आला, "आई, नामकरण रविवारी. नाव तूच ठेवायचंस. इथे सगळे जमतील, तू तिथून कॉम्प्युटरवरून बाळाकडे बघून नाव सांगायचंस."

आमच्या सुमनला काय भरून आलं म्हणून सांगू! नाव तिनं मनात पक्कं केलं, पण कुणाला सांगेना. मलाही नाही. बरोबरच आहे म्हणा. मला सांगितलं असतं तर रविवारपर्यंत त्या नावाचा मी चिवडा केला असता.

तिला घोर एकच. "अहो, ऐन नाव घेताना माझं तोंड असं वाकडं होऊन अडकलं तर? सगळी सिडनी बघणार! कुणीतरी मेकॅनिक बोलवा."

मेकॅनिक? घरात फिटर बसलेला असताना मेकॅनिक? हा घाव वर्मी बसला. मी म्हटलं, "सुमन, रविवारी हे कॉम्प्युटर नाही पळालं, तर दिनकर नाव लावणार नाही."

शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्या. डबा उघडला. आत एवढी धूळ, की मेथी पेरली असती तर उगवली असती. सायकलचा पंप मारला, जुन्या टूथब्रशने पंखा घासला, डबा बंद केला आणि चालू करून बघितलं. चाल तीच, गोगलगायीची! म्हणजे रोग बाहेरचा नव्हे, पोटातला.

मग पोटात शिरलो. मला इंग्रजी वाचता येतं बरं का. फक्त ते मला काय सांगतंय, त्याच्याशी माझा संबंध नसतो. कॉम्प्युटर चालू झालं की त्याच्यामागून बरेच न बोलावलेले प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचे, नवरदेवामागून मांडवात शिरणाऱ्या फुकट्यांसारखे. एकेकाला बाहेर काढलं. इंटरनेटच्या खिडकीवर कसल्या कसल्या पट्ट्या चिकटून बसल्या होत्या. एवढ्या, की पान बघायला फटीएवढी जागा उरलेली. त्याही उपटल्या. जरा धावायला लागलं. मला चेव चढला.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी आले. हे मूळचे शनिवार पेठेतले. मुक्काम धायरीला हलवला, जीभ मात्र तिकडचीच राहिली. हातात त्यांच्या घरचा चहा. आमच्या घरी येताना ते स्वतःचा चहा घेऊन येतात. आमच्यात साखर जास्त असते म्हणे.

पडद्यावर एक यादी आली होती. जुन्या पानांची नोंद, तात्पुरत्या फायली, कुकी, साठवलेले पासवर्ड. प्रत्येकापुढे एक चौकट. कशावर टिक करायची ते आपण ठरवायचं आणि खालचं 'डिलीट' दाबायचं.

कुलकर्णी चष्मा वर करून म्हणाले, "दिनकरराव, त्या कुकी कशासाठी असतात, माहीत आहे का?"

"माहीत कशाला पाहिजे? ओळखीचं नाही ना? मग तो कचरा."

"नाही, म्हणजे काढण्यापूर्वी..."

"कुलकर्णी, तुमचं कॉम्प्युटर माझ्यापेक्षा हळू चालतं. आणि सल्ला मला देताय?"

कुलकर्णींनी चहाचा घोट घेतला. "राहिलं," म्हणाले.

मी सगळ्या चौकटींवर टिका मारल्या. अर्धवट सफाई कारखान्यात कधी केली नाही, घरात करू? मशीनने विचारलं, 'नक्की ना?' आता मला सांगा, हा प्रश्न विचारून आजवर मला कुणी थांबवू शकलंय का? दाबलं!

आणि काय सांगू, कॉम्प्युटर हरणासारखं पळायला लागलं! बोट लावलं की पान हजर. मी मोकाट सुटलो. कुलकर्णींना म्हटलं, "चला वर. तुमच्या खटाऱ्यालाही पावन करतो."

"करा," ते म्हणाले, "आमचं काय, जायचं ते जाईल."

त्यांच्या कॉम्प्युटरवरही सगळ्या चौकटी, सगळ्या टिका. संध्याकाळभर जिन्यात भेटेल त्याला मी माझी करामत ऐकवत होतो. दोघं तर मला बघून लिफ्टने गेले.

रविवार उजाडला. सुमनने ठेवणीतली पांढरी साडी नेसली, केसांत फूल माळलं, कॉम्प्युटरपुढे खुर्ची मांडली. कुलकर्णीही आले, चहासकट. मी ऐटीत बटण दाबलं. मेलचं पान टचकन उघडलं!

उघडलं, पण रोजच्यासारखं आत नाही घेतलं. समोर दोन रिकाम्या चौकटी. एकीत मेलचा पत्ता, दुसरीत पासवर्ड.

"पासवर्ड?" मी म्हटलं. "आजपर्यंत कधी विचारला नाही तो?"

"आता विचारतंय ना? मग घाला की," सुमन म्हणाली.

घालू काय, कपाळ? पासवर्ड प्रज्ञाने ठेवला होता. पण नंतर लेकीने आपली मेल वाचू नये म्हणून मी तो गुपचूप बदलला होता. आणि बदलल्यावर एकदाही टाईप करायची वेळ आली नव्हती. मी अंदाजाने काहीतरी घातलं. 'चूक.' दुसरं घातलं. 'चूक.' कॉम्प्युटर खरंच सुधारलं होतं हो! आधी चूक सांगायला ते पाच मिनिटं घ्यायचं, आता माझं बोट उचलायच्या आत तोंडावर फेकत होतं.

फोन वाजला. प्रज्ञा. "बाबा, कुठे आहात? त्रिशरण-पंचशील झालं, सगळे थांबलेत!"

"आलोच! चप्पल घालतोय," मी म्हटलं. चप्पल कशाला, देव जाणे. घाबरलं की माणूस काहीही बोलतो.

सुमनने फोन माझ्या हातातून घेतला. प्रज्ञा म्हणाली, "आई, फोनवरच सांग नाव."

"फोनवर?" सुमन म्हणाली. "पोरीचं तोंड बघितल्याशिवाय नाव घेऊ? जरा थांबव त्यांना. तुझ्या बाबांनी काहीतरी केलंय."

मी कुलकर्णींकडे वळलो. "चला, तुमच्या कॉम्प्युटरवर बसू."

"जरूर. काल तुम्ही पावन केल्यापासून तेही पासवर्ड विचारतंय. सकाळपासून मी स्वतःच्या दाराशी परक्यासारखा उभा आहे." मग त्यांनी शांतपणे कप खाली ठेवला. "दिनकरराव, आपण एखादी साइट उघडली की ती आपल्या कॉम्प्युटरवर एक बारीकशी खूण ठेवून जाते. पुन्हा गेलो की ती खूण बघते आणि म्हणते, हे आपले दिनकरराव, येऊ द्या आत. त्या खुणेला कुकी म्हणतात."

खूण! जन्मभर पोरांना खुणेवरून झापलं, आणि मी स्वतः सगळ्या खुणा साफ पुसून, वर पासवर्डांची पेटीही भंगारात काढून बसलो होतो!

"अहो, मग काल सांगितलं का नाहीत?"

"विचारलं होतं. मी एकदाच विचारतो."

तेवढ्यात सुमनला दिसलं, खाली बारीक अक्षरात होतं, 'पासवर्ड विसरलात?' तिने बोट ठेवलं, मी दाबलं. आणि पडद्यावर एक प्रश्न आला. रोमन अक्षरांत, पण चक्क मराठी:

'पहिलं प्रेम कोण?'

कुलकर्णींनी खुर्ची पुढे ओढली.

"हा प्रश्न कुणी घातला?" सुमनने विचारलं.

मीच घातला होता! पासवर्ड बदलताना, स्वतःचा प्रश्न स्वतः लिहा, असं ते म्हणत होतं, म्हणून मी गंमत केली होती. उत्तर लिहून एकटाच खदखदून हसलो होतो, एवढं आठवत होतं. उत्तर काय लिहिलं, ते मात्र साफ विसरलो.

"त्यात काय एवढं!" मी छाती काढून म्हटलं आणि दणक्यात 'सुमन' लिहिलं.

'चूक.'

सुमनने केसांतलं फूल नीट केलं. "असं?"

"वहिनी," कुलकर्णी म्हणाले, "सिडनीला चहा घ्यायला सांगा. इथे वेळ लागेल."

मी घाईने माझ्या पहिल्या लेथ मशीनचं नाव घातलं. चूक. पहिल्या सायकलचं घातलं. चूक. पडद्यावर लाल अक्षरं आली. कुलकर्णींनी वाचून दाखवली, "आणखी दोनच संधी. मग खातं उद्यापर्यंत बंद."

फोनवरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. सुमन एकदम हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी रागावणार नाही. पोर तिकडे वाट बघतेय. काय असेल ते खरं नाव घाला."

आता बाई असं बोलली की माणूस विरघळतो हो. मी कीबोर्डवर ओणवा झालो, खांद्याने पडदा झाकला आणि हळूच एक नाव लिहिलं.

"श-कुं-त-ला," कुलकर्णींनी माझ्या काखेखालून वाचलं.

'चूक.'

घ्या! हेही गेलं आणि तेही गेलं!

"शकुंतला कोण?"

"खडकीची. क्वार्टरमधली. अगं, पाचवीत होतो मी! चिंचा द्यायची!"

"रागावणार नाही म्हटलंय ना. उठा."

"अगं, शेवटची संधी आहे, तू..."

"उठा म्हटलं."

मी उठलो. सुमन खुर्चीत बसली. पदर खोचला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने नाव लिहिलं.

'दिनकर.'

आणि खातं उघडलं!

"तुम्हाला कसं सुचलं, वहिनी?" कुलकर्णी पहिल्यांदाच थक्क झालेले दिसले.

"इतकी वर्षं यांच्याबरोबर राहतेय," सुमन म्हणाली. "यांनी एकाच माणसावर मनापासून प्रेम केलंय."

तिने नवा पासवर्ड घातला. मला बघू दिला नाही. व्हिडिओची खिडकी उघडली. आणि चित्र कसं, सांगतो! लोण्यासारखं. प्रज्ञाच्या मांडीवर ते इवलंसं गाठोडं, जांभई देतानाची जीभसुद्धा स्पष्ट दिसत होती. सुमनने डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "मैत्री. माझ्या बाळाचं नाव मैत्री." तिकडे टाळ्या, इकडे कुलकर्णी उगाचच चष्मा पुसायला लागले. माझंही तेच. पण माझ्याकडे चष्मा नाही, त्यामुळे पकडला गेलो.

मी पुढे सरसावून म्हटलं, "बघितलंस का प्रज्ञा, चित्र कसं पळतंय? कुणी केलं?"

"छान आहे हो, बाबा! पण एवढा उशीर का झाला?"

सुमनने सांगितलं. पहिल्यापासून. टूथब्रश, चौकटी, टिका, खुणा, प्रश्न, लेथ, सायकल, सगळं! तिकडची सगळी माणसं पडद्याजवळ सरकून ऐकत होती. एरवी दर वाक्याला थिजणारं ते कॉम्प्युटर त्या दिवशी एकदासुद्धा अडकलं नाही. सुमनचा एकेक शब्द सिडनीला ठणठणीत पोचला.

मग जावई, त्याचे आईवडील, मित्रमंडळी, सगळी एका ओळीत माझ्याकडे बघत होती. आणि माझी लेक, नातीला मांडीवर घेऊन, म्हणाली,

"बाबा, शकुंतला कोण?"

मी मनात कॉम्प्युटरला हात जोडले. म्हटलं, बाबा रे, आता तरी अडक! एवढं एकदा थिज!

छे हो! ओव्हरहॉलिंग मी केलं होतं.