डाग दिलेलं पातेलं

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत एका पितळी पातेल्यावरून सगळा खोळंबा झाला होता. बॅगेत ते काही केल्या मावत नव्हतं. खाली जीप येऊन उभी होती, मुंबईला जाऊन विमान गाठायचं होतं, बाबांनी सगळ्यांना उभं करून त्रिसरण म्हणून घेतलं होतं, आणि मी स्वेटर बाहेर काढून पातेलं आत कोंबत होते. आई म्हणाली, "अगं, तिकडं भांडी मिळत नाहीत का?" माझी धाकटी बहीण शैला दाराला टेकून उभी होती. तिची नजर पातेल्यावर होती. तिला ते पातेलं हवं होतं हे मला ठाऊक होतं. म्हणून तर ते मला हवं होतं.

सन दोन हजार उजाडलं की जगभरातले कॉम्प्युटर बंद पडणार म्हणत होते. ते पडू नयेत म्हणून पुण्यातून पोरं भरभरून निघाली होती, त्यातलीच मी एक. आमच्या घराण्यातली विमानात बसणारी पहिली. त्यामुळे त्या आठवड्यात मी जे मागेन ते मला मिळत होतं आणि शैला जे मागेल त्यावर तिला "नंतर बघू" मिळत होतं. आता लिहिताना वाटतं, माझ्या आयुष्यातला तोच एक आठवडा मी तिच्या पुढे होते.

पातेलं आईच्या आईचं. तिनं भिशी लावून घेतलेलं. रविवारी त्यात चिंचगुळाची आमटी व्हायची, आणि तिचा वास जिन्यापर्यंत यायचा. वर्षातून एकदा गल्लीतल्या कल्हईवाल्याकडे ते न्यायचं. तो भाता मारून निखारे फुलवायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं तो कथील आतून फिरवायचा. काळं पडलेलं पातेलं आतून चकचकीत व्हायचं. कल्हई नसली की पितळेत आंबट कळकतं, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत होतं.

न्यू जर्सीत कल्हईवाला कुठला? मग मी एक शहाणपणा सुरू केला. दर दोन वर्षांनी सुट्टीला येताना पातेलं सोबत आणायचं, कल्हई करून परत न्यायचं. बरोबरच्या मुली हसायच्या. त्या येताना चॉकलेटं आणायच्या, मी भांडं आणायचे. एका खेपेला उघडून बघते तर तळाला बारीक चीर. आई म्हणाली, "मोडीत घाल. नाहीतर राहू दे इथंच, शैला त्यात एखादं रोप लावेल." झालं! राहू दे इथंच, म्हणजे शैलाकडे. त्याच दिवशी मी पेठेत जाऊन चिरेला डाग देऊन घेतला, म्हणजे आतून झाळून ती बुजवली, आणि वरून कल्हई. पातेलं पुन्हा माझ्या बॅगेत.

बाबा गेल्यावर आई शैलाकडे बिबवेवाडीला राहायला गेली. मग फोनवर शैलाच शैला. शैलानं आज बाजारातून कोवळा घेवडा आणला. शैला म्हणते माझा चष्मा बदलायला हवा. मी रक्तदाब मोजायचं मशीन पाठवलं, भारीतलं. ते लावायचं कसं हे मी फोनवर समजावत होते, आणि पलीकडून आई म्हणाली, "शैलाला कळतं, ती रोज लावते, हात धरून बसते माझा." फोन ठेवल्यावर मी पातेलं काढलं आणि आठवड्याची आमटी करून ठेवली. करायची, आणि त्याच पातेल्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवायची, ही माझी रीत. शैलाकडे आई आहे ना, मग माझ्याकडे आईचं पातेलं आहे, असं मी स्वतःला बजावत असे.

मग मला मीठ खावंसं वाटायला लागलं. साधं वाटणं नव्हे. लोणच्याचा खार मी चमच्यानं प्यायचे. ऑफिसातल्या मिठाच्या पुड्या फोडून तळहातावर घ्यायचे आणि चाटायचे. आमटीत मीठ वाढत गेलं. जोडीला थकवा असा, की दुपारी मीटिंगमध्ये बसून राहणंसुद्धा काम वाटायचं. केस गळत होते, थंडी हाडात शिरत होती, वजन उतरत होतं. पुण्याला आले तर शैलानं दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अमेरिकेत ऊन फार का गं? काळवंडलीस." मी म्हटलं, आठवणीनं माणूस असंच होतं, तुला नाही कळायचं. खरोखर तसंच वाटत होतं मला. ही खारट भूक म्हणजे घराची भूक, आणि ती मला आहे, घरात बसलेल्या शैलाला नाही. याचा मला, लाज सोडून सांगते, अभिमान होता.

आमच्या मराठी मंडळात एक बाई शरीर शुद्ध करून द्यायच्या. त्यांनी माझे चार केस कुठंतरी पाठवले आणि सांगितलं, तुमच्या अंगात जड धातू साठलेत, अ‍ॅड्रिनल थकल्यात, आता डिटॉक्स करा. नुसते भाज्यांचे रस. आणि मीठ पूर्ण बंद. मी शिकलेली बाई, कोडमधली चूक शोधून पोट भरणारी, तरी केलं. शैलाला फोनवर सांगितलंही, जरा ऐटीतच. ती म्हणाली, "उपास करायला तिकडं जायला लागतं होय?" पुढच्याच आठवड्यात मी किराणा दुकानात ट्रॉलीला धरून उभी असताना खाली कोसळले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. माझी थायरॉईड कमी पडत होती आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही. थकल्या वगैरे नव्हत्या, माझ्याच शरीरानं त्यांच्यावर हल्ला केला होता. म्हणून रंग काळवंडला, म्हणून रक्तदाब खाली, आणि अशा माणसाचं मीठ तोडणं म्हणजे त्याला ढकलून देणं. आधी अ‍ॅड्रिनलची गोळी, ती बसली की मग थायरॉईडची, आणि दोन्ही जन्मभर. मग त्या म्हणाल्या, "मिठाची ती ओढ हे या आजाराचं लक्षण आहे. गोळ्या सुरू झाल्या की जाईल."

जाईल! आजार ऐकून मला रडू आलं नव्हतं, ते यावर आलं. इतकी वर्षं मी जिला आईची आठवण म्हणत होते, ती दोन ग्रंथींची तक्रार निघाली. आई शैलाकडे होतीच. आता आठवणसुद्धा माझी राहिली नाही.

रक्तात शिसंही सापडलं. डिटॉक्सवाल्या बाईंचं तेवढं खरं निघालं, उपाय तेवढा जिवावरचा. या शिशामुळे तो आजार झाला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. ते वेगळं दुखणं होतं, त्याच शरीरात मुक्कामाला आलेलं. औषध देऊन काढावं इतकं नव्हतं. कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, हळूहळू उतरेल, म्हणाल्या. मग भांडी तपासणारा माणूस घरी आला, त्यानं ओली काडी पातेल्याच्या तळाला, डागावर घासली, आणि ती लालभडक झाली. झाळायच्या धातूत शिसं होतं, वरची कल्हई झिजली होती, आणि मी चिंचेची आमटी त्यात दिवसेंदिवस ठेवत होते. शैलाला मिळू नये म्हणून बुजवलेली चीर मी घासाघासानं खाल्ली होती.

गोळ्यांनी मी उभी राहिले. पुढच्या तपासण्यांत शिसं उतरत गेलं. केस धरले, रंग उजळला, आणि सांगितल्याप्रमाणे मिठाची ओढ एके दिवशी निघून गेली. लोणच्याची बरणी तशीच राहायला लागली. मला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. पुण्याचं तिकीट काढलं ते आईला भेटायला, पण खरं सांगायचं तर हेही बघायला, की आता तिथं गेल्यावर मला काही वाटतं का.

पातेलं मी सोबत नेलं. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आई खुर्चीत बसली होती, आता बरीच वाकलेली. मी सगळं सांगितलं. पातेलं शैलापुढं ठेवलं आणि म्हटलं, "घे. यात रांधू नकोस फक्त."

शैलानं ते उचललं, आत बघितलं. "वा! विष निघाल्यावर आठवण झाली होय माझी?"

आईला हसू आलं. मला आलं नाही. मी म्हटलं, "आई, तूच सांग. मला पातेलं दिलंस आणि हिला सगळं दिलंस."

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मी कुठं काय वाटत बसले होते? तू पातेलं मागितलंस, तुला पातेलं दिलं. तुझी गाडी गेल्यावर ही रडली. म्हणाली, पातेलं नाही तर नाही, आमटी तरी शिकव. मग हिला आमटी शिकवली."

शैला तोवर ओट्याकडे वळली होती. स्टीलच्या, बूड थोडं चेमटलेल्या पातेल्यात आमटी उकळत होती. तिनं वाटीत वाढली, पहिला घास घेतला आणि मी थांबले. तीच. जिन्यापर्यंत वास येणारी. मी परदेशात इतकी वर्षं जी करत होते ती ही नव्हतीच. माझी नुसती खारट होती.

सकाळच्या गोळ्या घेतलेल्या होत्या. अंगात मीठ बरोबर होतं, रक्तदाब बरोबर होता, शैलानंच मशीन लावून पाहिला होता, माझा हात धरून. तरी मी वाटी पुढे केली. मग पुन्हा केली. ही भूक कुठल्याच ग्रंथीची नव्हती, आणि ती माझी आहे हे कळून मला इतकं हायसं वाटलं की डोळे पुसावे लागले.

हेवा मात्र गेला नाही. पूर्वी पातेल्याचा होता, आता शैलाच्या हाताचा आहे. माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्ही काय काय उचलून नेलंत ते तुमचं तुम्हाला माहीत. माझं घर आता बिबवेवाडीतल्या त्या ओट्यापाशी आहे, आणि तिथं थोरली ती आहे.

मी म्हटलं, "मला शिकव." शैलानं माझ्याकडे नीट पाहिलं, खरंच म्हणते आहे का ते जोखलं, आणि म्हणाली, "उद्या चिंच भिजत घालते. कोळ तू."

दुसऱ्या दिवशी मी चिंच कोळली. आई खुर्ची ओढून दारात येऊन बसली होती. शैलानं वाटी हातात घेतली, तिरपी करून बघितली आणि म्हणाली, "पाणी जास्त झालंय."