शिमोनचा जोडीदार

दुकानाचं काचेचं दार ढकलून काका आत येत, पण दार सोडत नसत. मागून कुणी येत असावं तेवढा वेळ ते धरून ठेवत, थोडे बाजूला सरकत आणि मग हलकेच लावून घेत. मागे कुणीच नसे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्या सवयीला आपण आधी हसतो आणि पुढे आपणच तिच्या नादी लागतो. तिसऱ्या दिवसापासून मीही जिन्याकडे बघायला लागलो.

राजापेठेत पहिल्या मजल्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. शेजारी ट्यूशन क्लास, खाली मोबाइलवाला. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, क्लासच्या नोट्स, काहीही आणा. माझ्या शुद्धलेखनाबद्दल एवढंच सांगतो की एका पत्रिकेत मी 'चि. सौ. कां.'च्या जागी 'चि. सौ. का?' छापलं होतं. मुलीचे वडील त्या प्रश्नचिन्हाकडे बराच वेळ बघत बसले होते.

काका ख्रिस्ती. तरुणपणी सायकलवर तेल्हारा-हिवरखेड भागात येशूच्या गोष्टी सांगत फिरलेले, आता ऐंशीला टेकलेले. येशूच्या बारा प्रेषितांवर त्यांना एक छोटं पुस्तक करायचं होतं. हात थरथरायचा, म्हणून ते सांगत आणि मी टाइप करी.

"बारा जणांचे बारा पाठ का?" मी विचारलं.

"सहा. जोड्या लावून धाडलं होतं त्यायले. एकट्याले धाडत नसते, भाऊ. रस्त्यात मानूस एकटा सापडला की त्याचं डोकं त्याले खाते."

प्रेषित जणू सकाळीच बसस्टँडवर भेटले होते, अशा थाटात ते बोलत. पेत्र तापट, "आधी बोलून जाये अन् मंग रडत बसे." थोमा संशयी, "दाबून पाह्यल्याशिवाय संत्रं न घेनारा." मला ते सगळे माझ्या तिवशाच्या सासुरवाडीतले वाटायला लागले. घरी जेवताना मी थोमाची गोष्ट सांगितली, तर बायको म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरा. विचारत तरी होता."

चहा सांगताना काका म्हणत, "आमचे दोन, अन् तुमचा येगळा." दुसरा कप शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला जाई. दोन्ही तेच पितात असं मी धरून चाललो होतो. एका दुपारी मुद्दाम लक्ष ठेवलं. पहिला कप त्यांनी संपवला, उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझा फोन वाजला. मी पाठ फिरवून बोललो आणि वळलो, तर दुसरा कप रिकामा. काका खिडकीशीच होते, खुर्चीपासून चार पावलं लांब, खाली गाड्या बघत.

मी शूर माणूस आहे. बीपीची गोळी घेतली आणि कामाला लागलो.

पाच जोड्या पंधरा दिवसांत झाल्या. गाडी अडली सहाव्या जोडीवर: शिमोन कनानी आणि यहूदा इस्कर्योत. यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा आणि नंतर स्वतःचा जीव घेणारा, एवढं मलाही ठाऊक होतं.

"शिमोनाबद्दल शास्त्रात काय आहे?"

"नाव. बस, नाव." काका स्क्रीनकडे बघत राहिले. "एका ताटात जेवले, एका चादरीत झोपले. त्याले जोडीदाराच्या मनातलं मालूम नसन काय?"

आठवडाभर ते एक ओळ सांगत आणि खोडायला लावत. शेवटी मी वैतागलो. "लिहून टाका ना, शिमोनाला काही माहीत नव्हतं. विचारायला कोण येतंय?"

"हिवरखेडची इचारते," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचाही एक जोडीदार होता. दोघं कित्येक वर्षं संगतीनं फिरले. एका दुपारी हिवरखेडच्या अलीकडे एका विहिरीपाशी तो थांबला. दोन दिवस जेवला नव्हता. हातातलं घड्याळ काढून त्यानं काकांना दिलं आणि म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो." काका पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्याला विहिरीतून काढलं.

"पाय घसरला, असं मीच सांगतलं साऱ्यायले. त्याची बायको आहे अजून. वावरात शेवंती लावते. नाताळात गेलो की दरसाल इचारते, जाताना काही बोलले होते काय? मी म्हनतो, नाही वहिनी."

शेजारचा क्लास सुटून गेला होता, जिना शांत होता. रिकाम्या खुर्चीचा पाय करकरला, कुणी पुढे वाकून ऐकावं तसा.

दुसऱ्या दिवशी काकांनी सहावा पाठ एका दमात सांगितला. पानभरसुद्धा नव्हता. शिमोनाच्या काळात हातातलं घड्याळ कुठलं, हे मी विचारलं नाही. यहूदाचं नाव त्यात घेतलं नाही, "जोडीदार लिहा" म्हणाले. लिहून झाल्यावर वाकून म्हणाले, "आता या पानावरचा शिमोन काढा. तिथं 'मी' टाका."

एकेक शब्द कोण बदलणार? 'शिमोन', 'शिमोनाने'चं 'मी' आणि 'शिमोनाला'चं 'मला', असं मी कॉम्प्युटरला सांगून सगळं एकदम बदललं. प्रिंट काढून काकांच्या हातात दिली, तेव्हा घोटाळा कळला. अख्ख्या पुस्तकातला शिमोन गेला होता. पहिल्याच पानावर 'शिमोन पेत्र'चं 'मी पेत्र' झालं होतं, जोड्यांच्या यादीत 'मी कनानी व यहूदा इस्कर्योत'. आणि सहाव्या पाठात क्रियापदं तशीच राहिली होती: 'मी पुढे गेला.'

"मशीनची चूक आहे, काका. गेलो करून देतो."

काका त्या ओळीवर बोट ठेवून उभे होते. "राहू द्या. पुढे गेला तो मीच." एवढं एक पान त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. "हिवरखेडले जाऊन येतो. ते झालं की मंग बाकीचं पाहू."

ते परत आले नाहीत.

महिन्याभराने एक म्हातारी बाई जिना चढून आली. तिच्या हातात तेच पान होतं.

"राजापेठेत टायपिंगच्या दुकानातून आनला म्हनत होते हा कागद," ती म्हणाली. "माह्या वट्यावर येऊन बसले. म्हने, वहिनी, एक कागद वाचून दाखवतो. चष्मा काढता काढता मान टाकली. मले वाचता येत नाही. गावात कोनाले दाखवला नाही मी. तुमी वाचा."

मी वाचायला लागलो. गिऱ्हाइकाशी मी पुस्तकी बोलतो, तशाच आवाजात. 'जोडीदार दोन दिवस जेवला नव्हता. त्याने घड्याळ दिलं. मला माहीत होतं.' पुढच्या ओळीला डोळ्यांना दिसत होतं 'गेला', तोंडातून आलं 'गेलो'. 'मी पुढे गेलो. मी विचारलं नाही.'

बाईने कागदाकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, फार वर्षं शोधून सापडलेल्या माणसाकडे बघावं तशी.

"मंग कावून नाही इचारलं?"

का विचारलं नाही, हे काकांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मावशी, तो माणूस मी नव्हे, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"तो खरं सांगन म्हनून, वहिनी," मी म्हणालो.