होलोकॉस्ट शिक्षणाची संस्था, दोन वाक्यं आणि माझी जीभ

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सुट्टी टाकून, टोकियोहून थेट उत्तरेकडच्या बर्फाळ गावात, फक्त दोन वाक्यं बोलायला जाणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी ती बाई. आणि मला तेही धड जमलं नाही.

कुमागाई-सेन्सेई (सेन्सेई म्हणजे गुरू) पूर्वी टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईत परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवायच्या. नवऱ्यामागून मी इथे आले तेव्हा मला दुकानात मीठ मागता येत नव्हतं. आज तोयोसुच्या ऑफिसात मी जपानी ग्राहकांशी भांडू शकते, ती त्यांची कृपा. पुढे त्या सेंदाईच्याही पलीकडे आपल्या गावी परतल्या. (गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) तिथे वडिलांच्या बंद पडलेल्या वह्या-पेनांच्या दुकानात त्यांनी एक खोली मांडली. नाझींच्या छळछावणीतून लहानपणी वाचलेली युरोपातली एक बाई त्यांना तीस वर्षं पत्रं लिहायची. ती पत्रं, आणि त्या बाईने मरण्याआधी पाठवलेला छावणीतला पत्र्याचा चमचा, एवढाच पसारा. आसपासच्या शाळांची मुलं येतात, चमचा हातात घेतात, सेन्सेई पत्रं वाचून दाखवतात.

सेन्सेई आता ऐंशीच्या आहेत. मार्चअखेर त्या ओसाकाला मुलाकडे जाणार आणि दुकान पाडणार. त्याआधी गावाने होलोकॉस्टच्या शिक्षणासाठी आणि स्मरणासाठी एक सार्वजनिक संस्था काढावी, बंद पडलेल्या प्राथमिक शाळेतल्या दोन खोल्यांत हे सगळं ठेवावं, शिकवणं चालू ठेवावं, असा प्रस्ताव नगर कार्यालयात होता. नाही तर पत्रं ओसाकाच्या फ्लॅटमधल्या कपाटात जाणार. सुनेने "खोकी नक्की किती?" असं आधीच विचारलं होतं.

त्यासाठी नागरिकांची सभा होती आणि त्यात जपानात राहणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाने दोन शब्द बोलावेत, असं सेन्सेईंना वाटलं. दोन शब्द म्हणजे अक्षरशः दोन वाक्यं. त्यांनी ती मला कागदावर लिहून पाठवली होती.

जाणाऱ्यांसाठी माहिती: टोकियो ते सेंदाई शिनकान्सेन (बुलेट ट्रेन), दीड तास, साधारण अकरा हजार येन. पुढे लोकल गाडी, तासाला एक. इथे मी पहिला गाढवपणा केला. सेंदाईला सवयीने प्रवासाचं कार्ड टेकवून आत गेले आणि उतरले त्या स्टेशनावर कार्डाचं यंत्रच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी रोख पैसे घेतले, दोनदा माफी मागितली (त्यांनी, माझी!) आणि एक चिठ्ठी दिली, ती परतताना मोठ्या स्टेशनात दाखवून कार्ड मोकळं करून घ्यायचं. कागदी तिकीट काढा. माझं ऐका.

शाकाहारी असाल तर डबा न्या. स्टेशनासमोरच्या एकुलत्या एक हॉटेलात मी "मासे नको" म्हटल्यावर त्यांनी अगदी मनापासून वरचे मासे काढून टाकले आणि माशाच्याच पाण्यात शिजवलेल्या नूडल्स पुढे ठेवल्या. मी बाहेर येऊन, उणे दोन तापमानात, बाकावर बसून घरचे धपाटे खाल्ले.

सभा दुपारी दोनला. पंचवीसेक माणसं, सगळ्यांपुढे हिरव्या चहाची बाटली. नगर कार्यालयाच्या माणसाने प्रस्ताव वाचला. अध्यक्षांनी "काही मत?" विचारलं. सगळे आपापल्या बाटलीकडे बघत राहिले. मी उठून माझी दोन वाक्यं बोलले: मी परदेशी आहे, सेन्सेईंच्या त्या खोलीतून मला बरंच शिकायला मिळालं. ही पत्रं या गावातच राहावीत अशी माझी विनंती आहे. माना डोलल्या. इथे बसायचं होतं.

पण तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी "थोडी अडचण आहे, असंही ऐकिवात आहे" असं पुटपुटलं. अडचण काय, कुणाची, काही नाही. माझं डोकं फिरलं. चिंचवडच्या सोसायटीच्या सभेत वाढलेली मुलगी मी. मी विचारलं, "हरकत नक्की कुणाची आहे? समोर सांगा ना, म्हणजे उत्तर देता येईल."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे कान लाल झाले. अध्यक्ष म्हणाले, "हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ या." पंधरा मिनिटांत सभा संपली.

बाहेर सेन्सेई काठी टेकत हळूहळू चालत होत्या. मी म्हटलं, "पण सेन्सेई, मी विचारलं त्यात चूक काय?"

"चूक काही नाही," त्या म्हणाल्या. "फक्त मी दोन वर्षं घरोघरी जाऊन सगळ्यांशी बोलत होते. एकच घर राजी होत नव्हतं. चिबा-सानचं. त्यांनी सभेत गप्प राहायचं तरी कबूल केलं होतं."

जपानमध्ये सभेत काही ठरत नसतं. ठरतं ते आधी, एकेकाच्या घरी, चहा पिताना. सभेत फक्त मान हलवायची. सतरा वर्षं इथल्या ऑफिसात मी हेच बघते आहे, तरी ऐन वेळी माझ्यातली चिंचवड सोसायटी जागी झाली. सेन्सेईंच्या घरी पोचले तरी माझा स्वतःवरचा राग जाईना. त्या मात्र शांतपणे यादी करत होत्या. उद्या पाच घरं.

शनिवारी आम्ही तांदळाच्या बिस्किटांचे पाच डबे घेऊन माफी मागायला निघालो. रस्त्यावर गुडघाभर बर्फ, बस दिवसातून चार. प्रत्येक घरात तेच: बूट काढा, वाका, "काल माझ्यामुळे त्रास झाला", पुन्हा वाका, चहा, संत्री, हवामान. संस्थेबद्दल चकार शब्द नाही. चौथ्या घरापर्यंत माझी कंबर आणि सहनशक्ती दोन्ही गेल्या होत्या. मी बसथांब्यावर सेन्सेईंना म्हटलंसुद्धा, "यांना एकदा हो किंवा नाही म्हणायला काय होतं हो?"

"तुम्हाला काय होतं, वृंदा-सान, तासभर गप्प बसायला?" सेन्सेई म्हणाल्या.

पाचवं घर चिबा-सानचं. लाल कानांचे गृहस्थ तेच. मोहल्ला समितीचे प्रमुख, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांच्या बायकोने चहा आणला. मी पूर्ण वाकून माफी मागितली. मग चिबा-सानच म्हणाले, "तुम्ही काल विचारलंत ते बरोबर होतं. हरकत माझी आहे."

मी तोंड उघडणार होते. सेन्सेईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"माझे वडील महायुद्धात आपल्या फौजेबरोबर चीनमध्ये, मांचुरियात होते," ते म्हणाले. "परत आले. तिथे काय केलं ते कधी बोलले नाहीत. आम्ही विचारलं नाही. मुलं तुमच्या खोलीतून चमचा बघून बाहेर पडतील आणि घरी येऊन विचारतील, ‘त्या युद्धात आपण कुणाच्या बाजूला होतो?’ माझा नातू विचारेल. मी काय सांगू?"

मला कालचा सगळा राग आठवून लाज वाटली. मी म्हटलं, "चिबा-सान, मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. चौदा वर्षांची असताना शाळेत वक्तृत्व स्पर्धेत माझा विषय होता शिस्त. मी हिटलरवर बोलले. स्तुती केली. एक माणूस अख्खा देश कसा शिस्तीत आणतो, वगैरे. मला दुसरं बक्षीस मिळालं."

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मोडक्या जपानीत ते आणखीच वाईट ऐकू आलं. चिबा-सान हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी माझ्या कपात पुन्हा चहा ओतला आणि विचारलं, "आणि छावण्या? त्या माहीत नव्हत्या?"

"इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत होत्या," मी म्हटलं. "ती मी वगळली."

निघताना त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बसमध्ये मी चिडचिड करायचं ठरवलं होतं, पण सेन्सेई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांचा हात इतका लहान दिसत होता की चिडचिड राहूनच गेली.

रविवारी परत आले. सेंदाई स्टेशनात चिठ्ठी दाखवून कार्ड मोकळं करायला पाऊण तास रांगेत. नवरा म्हणाला, "झालं का काम?" मी म्हटलं, "बिघडवून आले."

तीन आठवड्यांनी सेन्सेईंचा फोन आला. संस्था मंजूर झाली. नाव, नियम, शाळेतल्या दोन खोल्या, सगळं. ओसाकाच्या सुनेला खोकी मोजायची गरज उरली नव्हती. प्रस्ताव चिबा-साननीच मांडला होता, एका अटीवर. पहिला तास पत्रांचा नको. पहिला तास वृंदा-साननी घ्यावा, त्या स्पर्धेवर. दुसरा ते स्वतः घेणार, आपल्या वडिलांवर. मी चिडले. इतकी खासगी गोष्ट, ती यांनी थेट कामकाजाच्या कागदावर टाकली! सेन्सेई म्हणाल्या, "त्यांनी आपलीही टाकली आहे."

आता एप्रिलचं तिकीट काढलं आहे, कागदी. भाषण लिहिलं, आणि काल माझ्या बारा वर्षांच्या मुलीसमोर, इरासमोर म्हणून दाखवलं. ती सगळं मराठीत ऐकते आणि जपानीत उत्तर देते. भाषण तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "तेव्हा ऐकणाऱ्या मुलांनी काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या."

"आणि ते भाषण तू एकटीने लिहिलंस? चौदाव्या वर्षी?"

चिबा-सानच्या घरी मी एवढंच टाळलं होतं. त्यांनी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं, आणि मी माझ्या वडिलांबद्दल नाही.

"बाबांनी लिहून दिलं होतं," मी म्हटलं.

हे तिचे तेच आजोबा, ज्यांच्याशी ती दर रविवारी व्हिडिओवर बुद्धिबळ खेळते, आणि जे तिला मुद्दाम जिंकू देतात.

ते वाक्य आता भाषणात घातलं आहे. पण त्या मुलांना सांगण्याआधी बाबांना सांगायला हवं, आणि त्या फोनची मला अख्ख्या गावाच्या सभेपेक्षा जास्त भीती वाटते आहे.