रेकॉर्डरपुढची माय

आमची माय शेळ्यांशी एक भाषा बोलते आणि माणसांशी दुसरी. मोबाइलच्या रेकॉर्डरशी ती तिसरीच बोलेल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

भाषाशास्त्राच्या एम.ए.साठी मी आमच्या सेनगावकडच्या बोलीवर लघुप्रबंध घेतला होता. पान, कान, रान. एकच ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला, तर ते ध्वनी त्या बोलीचे स्वनिम. असे आमच्या बोलीचे स्वनिम आणि त्यांचे नियम मला माणसांच्या तोंडून मांडून दाखवायचे होते. ते जमलं नसतं, तर शाळेपासून ऐकलेलं 'तुमची मराठी बिघडलेली' हे वाक्य माझ्याच हातानं खरं ठरलं असतं.

मी वस्तू दाखवायची आणि मायनं नाव सांगायचं, असं ठरलं. मायनं तोंड धुतलं, केस विंचरले, ठेवणीतलं लुगडं नेसलं. मला हसू आलं, पण थोडाच वेळ. जन्मभर 'पानी' म्हणणारी बाई तांब्या बघून जीभ टाळूला लावून 'पाणी' म्हणाली. 'डोया'चा 'डोळा' झाला. दोन तासांचं रेकॉर्डिंग मातीत गेलं. मी चिडून विचारलं, आपल्या बोलण्याची तुला लाज वाटते का?

"माही लाज कायची? तुहे साहेब ऐकतीन अन् तुलाच हासतीन. म्हनून बराबर बोलून राहिले."

माझा राग जागीच विरला. दुसरीत असताना शाळेतून येऊन तिला 'पाणी म्हण, पाणी' असं टोकणारी मीच होते. तिनं तो धडा इतकी वर्षं जपून ठेवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिला सांगूनच मोबाइल तिच्या चंचीत ठेवला, तंबाखूशेजारी. रानात गेल्यावर घटकाभरात ती तो विसरली. मग ओढ्याकडं हात करून मला म्हणाली, "ह्या चार बकऱ्या ने, वढ्याकडं चार."

पहिला 'चार' आकडा, त्यातला 'च' टाळूचा; दुसरा चारायला सांगणारा, त्यातला 'च' दातांचा. लिपीत दोघांना मिळून एकच अक्षर. शाळेची पायरी न चढलेल्या मायच्या तोंडात मात्र दोन वेगळे, पक्के स्वनिम. मी बांधावरच नाचले. शेळ्या बिचकल्या आणि मायच्या शिव्या बसल्या. त्याही रेकॉर्ड झाल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच सवाल टाकला: या अशुद्ध उच्चारांत नियम कुठला? मी उत्तर न देता इअरफोन पुढं केले आणि रेकॉर्डिंगमधल्या मायला बोलू दिलं. प्रमाण मराठीत जिथं 'ण', तिथं तिचा 'न', दरवेळी. एकदाही चूक नाही. त्यांनी ते दोनदा ऐकलं, कानातून इअरफोन काढले आणि म्हणाले, "अशुद्ध हा शब्द मी मागे घेतो."

मला वर्गात पहिला नंबर मिळाला, पण त्या वाक्यापुढं तो काहीच नव्हता. फोनवर मायला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "माह्या बोलन्यावर?" तुझ्याच, मी म्हणाले. कोणत्या बसनं येणार ते सांगून मी फोन ठेवला.

गावच्या फाट्यावर बसमधून उतरले, तर समोर माय उभी. तेच ठेवणीतलं लुगडं, हातात तांब्या. भोवती निम्मं गाव. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "घे, पानी पे."