शिक्का पाहून उघडलेलं दार

टिपणीस वकील गेल्याचं मला शाळेत कळलं. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनने शिपायाला सांगितलं, शिपायाने वर्गाच्या दारातून मला. मी तास पुरा केला. आता त्याला महिना होऊन गेला. वकीलसाहेबांवर लिहायला माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत, पण आमच्या बाटल्यांचा खटला दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

आम्ही अलिबागजवळच्या थळचे तेली. बाबांचा घाणा आणि पुढे लहानसं दुकान. आमच्या अख्ख्या आळीत कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. होऊन आलो तेव्हा बाबांनी प्रमाणपत्राला काच लावून ते दुकानातच टांगलं, गिऱ्हाइकांना दिसेल असं. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. गावातल्या कोळणींची तेव्हा एक रीत होती. सकाळी मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला निघताना रिकामी बाटली आमच्या फळीवर ठेवायच्या आणि दुपारी परतताना खोबरेल भरलेली बाटली उचलायच्या. आपली बाटली ओळखू यावी म्हणून प्रत्येकीने तिच्या मानेला जाळ्याच्या सुताची वेगळी गाठ मारलेली असे. बाटल्या बहुतेक मुंबईच्या एका केशतेल कंपनीच्या, जुन्या. त्यांवर लांब केसांच्या बाईचं रंगीत चित्र. चित्र छान दिसतं म्हणून कुणी ते खरवडत नसे, आणि बाबाही कधी खरवडा म्हणाले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर सातआठ वर्षांनी एका दुपारी, कोळणी परतायच्या आधी, फौजदार, दोन पंच आणि त्या कंपनीचा माणूस दुकानात आले. फळीवर तीसेक भरलेल्या बाटल्या, सगळ्यांवर तीच बाई. कंपनीचा माणूस हसलाच. आम्ही त्यांच्या नावाने नकली तेल भरतो अशी तक्रार होती. बाबा घाण्याच्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, आधी माझ्या मुलाला कागद वाचू दे. झडतीचं वॉरंट इंग्रजीत होतं. मी ते सर्वांदेखत वाचलं आणि म्हणालो, "बरोबर आहे, बाबा. उघडा." त्यांनी बाटल्या नेल्या, डबे नेले, मापं आणि नरसाळंही नेलं. दुकान बंद पडलं. पण बाबांना खरा घोर लागला तो नावाचा. तेल्याचं तेल नकली म्हटल्यावर घाणा फिरवायचा कुणासाठी, असं म्हणून ते ओट्यावर बसून राहिले.

मग आम्ही टिपणीस वकिलांकडे गेलो. त्यांनी वॉरंटची नक्कल दोनदा वाचली आणि मला विचारलं, "बी.ए.ला विषय कोणते होते?" इंग्रजी आणि इतिहास, मी जरा छाती काढूनच सांगितलं. "मग यात काय शोधायला सांगितलंय, तेवढं दाखवा." मी शोधू लागलो... छापील फॉर्मवर मालाच्या वर्णनाच्या जागी 'तक्रारीत लिहिल्याप्रमाणे' एवढंच होतं, आणि तक्रार सोबत जोडलेलीच नव्हती. "तुम्ही हे वाचलं नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही शिक्का पाहिलात." बाबा खाली बघत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वॉरंट रद्द करून माल परत द्यावा असा अर्ज त्यांनी दिला. काय शोधायचं ते मॅजिस्ट्रेटने ठरवायचं असतं, फौजदाराच्या मर्जीवर सोडायचं नसतं, हा त्यांचा मुद्दा. हिराबाय कोळीण साक्षीला उभी राहिली, आपली गाठ दाखवून म्हणाली, "बाटली माजी हाय, तेल तेल्याचा हाय. कंपनीचा त्यान काय हाय?" कोर्ट हसलं. पण कंपनीचा वकील हुशार होता. त्याने माझ्याकडे बोट केलं. घरातल्या पदवीधर मुलाने वॉरंट वाचून, बरोबर आहे म्हणून दार उघडायला लावलं, मग आता तक्रार कसली? मॅजिस्ट्रेटनी होकारार्थी मान हलवली. सगळा अर्ज माझ्या त्या एका वाक्यावर अडला. टिपणीस सावकाश उठले आणि म्हणाले, "साहेब, पोलीस वॉरंट घेऊन दारात आले की दार उघडणं याला संमती म्हणत नाहीत. हा मुलगा घाबरला होता. बी.ए. झालेला माणूसही घाबरतो."

वॉरंट रद्द झालं, माल परत मिळाला, पुढे कंपनीनेही फिर्याद रेटली नाही. बाबा वकिलांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी हात धरून थांबवलं. वॉरंट वाईट होतं म्हणून तुमच्या बाटल्या चांगल्या ठरत नाहीत, म्हणाले, आधी ती चित्रं काढा. बाबांनी त्याच दिवशी बाटल्या पाण्यात भिजत घातल्या. कोळणी चार दिवस कुरकुरल्या. चित्रातली बाय निघून गेली तसा तेलाचा वासही गेला, असं हिराबाय ऐकवायची.

आणि मी? मी रुसलो. सगळ्या गावादेखत मला भित्रा म्हटलं, हे डोक्यातून जाईना. मी काही घाबरलो नव्हतो, मला इंग्रजी येत होतं, असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो. अलिबागला शिक्षक झालो, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहिलो. वाटेत भेटले की नमस्कार व्हायचा. ते बाबांची चौकशी करायचे, मी बरे आहेत म्हणायचो, तेवढंच.

वकीलसाहेबांचे दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला बैठकीच्या खोलीत बसवलं. खुंटीवर वकीलसाहेबांचा काळा कोट तसाच होता, कोपरांवर झिजलेला. काकूच बोलल्या. "तुमच्या खटल्याच्या दिवशी जिंकून आले, पण धड जेवले नाहीत हो. म्हणाले, शिकलेल्या पोराला आज भर कोर्टात खाली बघायला लावलं. दुसरा रस्ता सापडला नाही मला."



"खरंच बोलले होते, काकू," मी म्हणालो. "मी घाबरलोच होतो." काकू समोर बसल्या होत्या, पण बोललो मी खुंटीवरच्या कोटाकडे बघून.