गालावरचे काळे पट्टे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगायची हिंमत असती, तर तुम्हाला कशाला गाठलं असतं?

मी शहाद्याजवळचा, ऊस-केळीवाला. रंगाने तव्याच्या बुडासारखा. तळोद्याची मुलगी बघायचं ठरलं, ती गोरी आणि सातवी पास असं कळलं, आणि माझं धाबं दणाणलं. काकू माझ्या बहिणीला सांगत होती, लिंबाचा रस चोळला की रंग उजळतो. तेवढं ऐकून मी सटकलो. रस लगेच धुवायचा, उन्हात जायचं नाही — हे पुढचं ऐकायला थांबतोय कोण? आणि पुरुषाने बायकांना असलं विचारायचं तरी कसं? विहिरीवरची लिंबं चोरली आणि आठवडाभर भर दुपारी छतावर बसून गालांना चोळली.

उजळायचं राहिलं बाजूला — दोन्ही गालांवर बोटांसारखे काळे पट्टे उठले.

तशाच तोंडाने तळोद्याला गेलो. मुलीच्या वडिलांनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, कोणी थोबाडीत मारली का? खरं सांगितलं असतं तर काय, हसले असते. पण आतल्या दारात ती उभी होती — आणि मी म्हणालो, गुऱ्हाळात गूळ करणारा गडी उकळत्या कढईत पडत होता, त्याला मागे ओढताना रस उडाला. गुऱ्हाळ मामाचं. मामा शेजारीच बसलेला. त्याने चहाची बशी तोंडाला लावली, ती खाली ठेवलीच नाही.

तिने माझ्यासाठी दोन गोरी स्थळं नाकारली. लग्नानंतर रोज गालांना तूप चोळायची. दिवाळीपर्यंत डाग गेले, गोष्ट मात्र राहिली. ती गावभर सांगायची. आणि मी — मी दर खेपेला कढई मोठी करायचो.

दहा वर्षांनी नंदुरबारच्या दवाखान्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. वाचेल की नाही, डॉक्टरही नीट सांगेनात. आत नेताना तिने माझ्या गालाला हात लावला.

"तुम्ही तधळ त्या कढईले घाबरनात नही. मंग मी कसाले घाबरू?"

तेव्हा तरी बोलायचं ना? मी मान डोलावली. ती हसत आत गेली, आणि कंपाउंडरने मला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं.

ती वाचली. घरी न्यायला गेलो, तर वॉर्डातल्या साऱ्या बायका मला बघायला दारात जमलेल्या. मी छाती पुढे काढून त्यांना नमस्कार केला.